विश्लेषण : अमेरिकी विद्यापीठांसाठी सरकारी तिजोरी उघडणारे व्हॅनीव्हार बुश कोण होते? संशोधनाचा पैसा कुठे जावा, हा वाद अजून का सुटत नाही?

अमेरिकेतील प्राध्यापकाला एखादी नवी कल्पना सुचली, की तो केंद्र सरकारच्या संस्थेकडे प्रस्ताव पाठवतो. त्याच विषयातले तज्ज्ञ तो तपासतात. प्रस्ताव पसंत पडला तर प्रयोगशाळा, उपकरणे आणि विद्यार्थ्यांच्या वेतनासाठी अनुदान मिळते. आज ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र ८५ वर्षांपूर्वी ती जवळपास अस्तित्वातच नव्हती. ती उभी राहण्यामागे सर्वांत मोठा हात एका अभियंत्याचा होता, त्यांचे नाव व्हॅनीव्हार बुश. (याच आडनावाच्या दोन राष्ट्राध्यक्षांशी त्यांचे नाते नाही.) पैसा गुणवत्तेनुसार द्यायचा की देशाच्या सर्व भागांत पोहोचवायचा, हा त्यांच्या काळात पेटलेला वाद अमेरिकेत आजही सुरू आहे.

कोण होते व्हॅनीव्हार बुश?

बुश यांचा जन्म ११ मार्च १८९० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील एव्हरेट येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते, घरची परिस्थिती बेताची होती. टफ्ट्स महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांनी जमिनीचा चढउतार आपोआप कागदावर रेखाटणारे यंत्र तयार केले. सायकलच्या चाकांवर बसवलेले हे यंत्र गवत कापायच्या यंत्रासारखे ढकलत न्यायचे. त्याचे पेटंट मिळाले, पण विकत घ्यायला एकही कंपनी पुढे आली नाही. चांगला शोध लावणे आणि तो वापरात आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना विशीतच कळले.

१९१६ मध्ये त्यांनी ‘एमआयटी’ आणि हार्वर्ड यांची संयुक्त डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात त्यांनी पाणबुडी शोधणारे उपकरण बनवले. ते लाकडी जहाजांवर चालणारे होते. नौदलाने ते लोखंडी जहाजांवर बसवले आणि ते निरुपयोगी ठरले. शास्त्रज्ञाने वस्तू बनवायची आणि ती कशी वापरायची हे मात्र त्याला न विचारता ठरवायचे, या कारभाराचा त्यांना आलेला अनुभव पुढे फार महत्त्वाचा ठरला.

प्राध्यापक ते उद्योजक, हा प्रवास कसा झाला?

१९१९ मध्ये बुश ‘एमआयटी’त विद्युत अभियांत्रिकी शिकवू लागले. १९२२ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी एक कंपनी काढली. तीच पुढे ‘रेथिऑन’ या नावाने संरक्षण क्षेत्रातील बलाढ्य कंपनी झाली. विद्यापीठाच्या परिसरात शोध लागतो, शेजारीच कारखाना उभा राहतो आणि त्या भागाचे अर्थकारण बदलते, हे सूत्र बुश यांनी स्वतः जगून पाहिले होते.

१९२८ ते १९३१ या काळात त्यांनी ‘डिफरन्शियल अ‍ॅनालायझर’ हे दांड्या, चाके आणि दंतचक्रांवर चालणारे प्रचंड गणकयंत्र घडवले. कागदावर सोडवायला महिने लागतील अशी समीकरणे ते सोडवत असे. या यंत्रावर काम केलेला क्लॉड शॅनन हा विद्यार्थी पुढे माहितीशास्त्राचा जनक ठरला. बुश यांच्या मार्गदर्शनाखाली १९२४ मध्ये डॉक्टरेट केलेले फ्रेडरिक टर्मन स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांनी ह्युलेट आणि पॅकार्ड या विद्यार्थ्यांना कंपनी काढायला प्रोत्साहन दिले. सिलिकॉन व्हॅलीच्या जडणघडणीत टर्मन यांचे नाव आघाडीवर घेतले जाते.

युद्धाआधी संशोधनाला पैसा कोण देत असे?

सरकारी पैसा विद्यापीठांना अगदीच मिळत नव्हता असे नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या. १८८७ च्या हॅच कायद्याने राज्याराज्यांत कृषी संशोधन केंद्रे सुरू झाली. पण हा पैसा मुख्यतः शेतीपुरता होता. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातील मूलभूत संशोधन कार्नेगी, रॉकफेलर यांसारख्या धनिकांच्या संस्था आणि खासगी देणग्यांवर चाले. सरकारचा पैसा घेतला की सरकारचा लगामही येईल, अशी भीती अनेक शास्त्रज्ञांना वाटत असे.

१९३९ मध्ये बुश वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेचे अध्यक्ष झाले. देशातील संशोधनासाठी पैसा देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी ही एक होती. तिचे कार्यालय राजधानीत, व्हाइट हाऊसपासून फार दूर नव्हते. बुश यांनी या जागेचा पुरेपूर उपयोग केला.

एका कागदाने काय बदलले?

जून १९४० मध्ये फ्रान्स हिटलरपुढे कोसळत होता. १२ जून रोजी बुश राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना भेटले. त्यांच्या हातात एकच कागद होता, त्यावर चार छोटे परिच्छेद. नागरी शास्त्रज्ञांची एक समिती नेमावी, तिने लष्कराच्या हाताखाली न राहता संरक्षण संशोधन करावे आणि तिने थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी असावे, असा तो प्रस्ताव होता. पंधरा मिनिटांच्या आत रूझवेल्ट यांनी मंजुरी दिली. त्याच महिन्यात राष्ट्रीय संरक्षण संशोधन समिती स्थापन झाली. २८ जून १९४१ रोजी तिच्या वर ‘ऑफिस ऑफ सायंटिफिक रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ (ओएसआरडी) ही अधिक अधिकार असलेली यंत्रणा आली. तिचे प्रमुखही बुशच होते.

खरा बदल झाला तो कामाच्या पद्धतीत. सरकारने स्वतःच्या प्रयोगशाळा बांधून शास्त्रज्ञांना नोकरीवर घेण्याऐवजी विद्यापीठांशी करार केले. प्राध्यापक आपापल्या विद्यापीठात राहिले आणि खर्च सरकारने उचलला. केवळ उपकरणे व वेतनच नव्हे, तर इमारत, वीज, हिशेबनीस असा अप्रत्यक्ष खर्चही सरकारने दिला. रडार, तोफगोळा लक्ष्याजवळ येताच फोडणारा ‘प्रॉक्सिमिटी फ्यूज’ आणि पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन ही या यंत्रणेची ठळक फळे. अणुबॉम्ब प्रकल्पाची सुरुवातीची सूत्रेही बुश यांच्याकडेच होती. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोतील पहिल्या अणुचाचणीच्या वेळी ते उपस्थित होते.

मग वाद कशावरून पेटला?

युद्धाची घाई असल्याने बुश यांनी काम अशांनाच दिले, जे ते लगेच आणि उत्तम करू शकतील. साहजिकच पैसा मोजक्या ठिकाणी गेला. एकट्या ‘एमआयटी’ला सुमारे ११ कोटी ७० लाख डॉलरची कामे मिळाली. तिथल्या रडार प्रयोगशाळेत ऐन भरात सुमारे चार हजार लोक काम करत होते. त्याच वेळी देशाच्या दक्षिणेतील आणि अंतर्भागातील अनेक विद्यापीठांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

हे खटकले ते वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर हार्ली किलगोर यांना. कोळसा खाणींच्या या राज्यातून आलेले किलगोर विज्ञानाचे पदवीधर नव्हते. मात्र करदात्यांचा पैसा मूठभर विद्यापीठांत व बड्या कंपन्यांत का साचतो, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. १९४२ पासून ते सिनेटमध्ये विधेयके आणत होते. निधीचा काही भाग राज्यांमध्ये वाटला जावा, सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट जनतेच्या मालकीचे असावे, सामाजिक शास्त्रांनाही स्थान मिळावे आणि संस्थेचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांनी नेमावा, या त्यांच्या मागण्या होत्या.

बुश यांची भूमिका उलट होती. निधी राज्यांत वाटायचा ठरला की संशोधनाचे राजकारण होईल, रस्ते आणि पुलांप्रमाणे खासदार आपापल्या मतदारसंघासाठी रेटा लावतील, अशी त्यांना धास्ती होती. कोणते संशोधन चांगले, हे शास्त्रज्ञांनीच ठरवावे, असे ते मानत.

बुश यांच्या अहवालात काय होते?

१७ नोव्हेंबर १९४४ च्या पत्राने रूझवेल्ट यांनी बुश यांच्याकडे चार प्रश्नांची उत्तरे मागितली. युद्धातील शास्त्रीय माहिती खुली कशी करावी, रोगांविरुद्धचे संशोधन कसे पुढे न्यावे, सरकारने संशोधनाला मदत कशी करावी आणि तरुण बुद्धिमत्ता कशी शोधावी, असे ते प्रश्न होते. अहवाल तयार होण्याआधीच, एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन झाले. जुलैमध्ये तो हॅरी ट्रुमन यांच्या हाती पडला. ‘सायन्स, द एंडलेस फ्रंटियर’ हे त्याचे नाव.

मूलभूत संशोधन हे नव्या औषधांचे, उद्योगांचे आणि रोजगाराचे भांडवल आहे, खासगी कंपन्या ते पुरेसे करणार नाहीत, म्हणून ती जबाबदारी सरकारची, असे अहवालाचे सार होते. त्यासाठी ‘नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापावे, तिला पहिल्या वर्षी ३ कोटी ३५ लाख डॉलर द्यावेत आणि पाचव्या वर्षापर्यंत ही रक्कम १२ कोटी २५ लाखांवर न्यावी, अशी शिफारस होती. निधीत वर्षानुवर्षे सातत्य असावे आणि संशोधनावर विद्यापीठांचेच नियंत्रण राहावे, यावरही बुश यांचा भर होता.

पाच वर्षे उशीर का झाला? त्याची किंमत काय?

बुश यांच्या बाजूचे आणि किलगोर यांचे, अशी दोन विधेयके एकमेकांना अडवत राहिली. १९४७ मध्ये बुश यांना अनुकूल विधेयक मंजूर झाले, तर ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला. सार्वजनिक पैसा राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी नसलेल्या, अर्धवेळ काम करणाऱ्या मंडळाच्या हाती देता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

अखेर १० मे १९५० रोजी ट्रुमन यांनी आयडाहोतील पोकाटेलो येथे, रेल्वेने दौऱ्यावर असताना ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’च्या (एनएसएफ) कायद्यावर सही केली. तडजोड अशी झाली, की संचालक राष्ट्राध्यक्ष नेमणार आणि धोरण शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांचे मंडळ ठरवणार. राज्यनिहाय वाटपाचे सूत्र कायद्यात आले नाही. मात्र संशोधन थोड्याच ठिकाणी अवाजवी एकवटू नये, असे कलम आले. किलगोर यांच्या लढ्याची ती खूण होती.

या भांडणात बुश यांनी जिंकले त्यापेक्षा गमावले अधिक. मधल्या काळात वैद्यकीय संशोधन ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’कडे, अणुसंशोधन अणुऊर्जा आयोगाकडे आणि विद्यापीठांतील बरेचसे मूलभूत संशोधन नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडे गेले. सर्व संशोधनाची एकच नागरी संस्था, हे बुश यांचे चित्र विरले. ‘एनएसएफ’च्या हाती पहिल्या वर्षी आले अवघे २ लाख २५ हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी ३५ लाख.

बुश यांचे पुढे काय झाले?

ट्रुमन यांच्या काळात बुश सत्तावर्तुळापासून दूर गेले. त्यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे नजीकच्या काळात व्यवहार्य नाहीत, हे त्यांचे १९४९ मधील मत काही वर्षांतच खोटे ठरले. तर माहिती जोडून ठेवणाऱ्या ‘मेमेक्स’ या यंत्राची १९४५ मधील त्यांची कल्पना आजच्या इंटरनेटमधील दुव्यांची पूर्वसूचना मानली जाते. १९५४ मध्ये रॉबर्ट ओपनहायमर यांची चौकशी झाली, तेव्हा बुश त्यांच्या बाजूने ठाम उभे राहिले. १९५५ मध्ये ते कार्नेगी संस्थेतून निवृत्त झाले. २८ जून १९७४ रोजी बेलमाँट येथे त्यांचे निधन झाले. ‘ओएसआरडी’ स्थापन झाल्याला त्या दिवशी ३३ वर्षे पूर्ण झाली होती.

किलगोर यांचा मुद्दा पुन्हा का आला?

गुणवत्तेच्या कसोटीने अमेरिकी विज्ञान जगात पुढे गेले, यात शंका नाही. पण त्याच कसोटीचा दुसरा परिणामही दिसला. ज्या विद्यापीठाकडे प्रयोगशाळा, त्याचा प्रस्ताव भक्कम. ज्याचा प्रस्ताव भक्कम, त्याला अनुदान. ज्याला अनुदान, त्याची पुढची प्रयोगशाळा आणखी मोठी. लहान राज्यातील हुशार प्राध्यापक या चक्राबाहेरच राहतो किंवा गाव सोडून बॉस्टन, कॅलिफोर्निया गाठतो. त्याच्यामागे उद्योग आणि नोकऱ्याही जातात.

म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘एनएसएफ’ने मागे पडलेल्या राज्यांसाठी ‘एप्स्कोर’ हा वेगळा कार्यक्रम आणला. १९८० मध्ये निवडलेल्या पहिल्या पाच राज्यांत किलगोर यांचे वेस्ट व्हर्जिनिया होते. त्याच वर्षी बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना ठेवता येऊ लागले. त्या मुद्द्यावर मात्र बुश यांची बाजू वरचढ ठरली.

२०२२ च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्याने प्रादेशिक नवोन्मेषाला आणखी बळ दिले. ‘एनएसएफ’च्या निधीतील ‘एप्स्कोर’ राज्यांचा वाटा २०२९ पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. ‘रिजनल इनोव्हेशन इंजिन्स’ योजनेत विद्यापीठ, स्थानिक उद्योग आणि राज्य सरकार यांच्या गटाला १० वर्षांत १६ कोटी डॉलरपर्यंत मिळू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये निवडलेल्या पहिल्या १० गटांत नॉर्थ डकोटातील कृषी तंत्रज्ञान आणि लुइझियानातील ऊर्जा संक्रमणाचे गट आहेत. प्रत्येकाला पहिल्या दोन वर्षांसाठी दीड कोटी डॉलरपर्यंतची रक्कम मंजूर झाली.

आज हा इतिहास महत्त्वाचा का?

बुश यांच्या करारांत रुजलेली अप्रत्यक्ष खर्चाची भरपाई आता वादात आहे. २०२५ मध्ये ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ने ती सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विद्यापीठे आणि अनेक राज्ये न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तो रोखला. स्वतःची गंगाजळी असलेली श्रीमंत विद्यापीठे अशी कपात काही काळ सोसू शकतात. लहान राज्यांतील विद्यापीठांना ते अवघड आहे.

भारतातही २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झाले. नामांकित संस्थांशी राज्य विद्यापीठांना जोडणारा ‘पेअर’ कार्यक्रम त्याने सुरू केला आहे. उत्तम प्रस्ताव निवडायचे आणि उत्तम प्रस्ताव लिहिता येतील अशी विद्यापीठे सर्वदूर घडवायची, ही दोन कामे वेगळी आहेत आणि दोन्हींना पैसा लागतो. पहिले काम कसे करावे, हे बुश यांनी दाखवले. दुसऱ्यासाठी मात्र अमेरिकेला किलगोर यांच्या आग्रहानंतर सुमारे चार दशके वाट पाहावी लागली.