अजिंठ्याचे चितारी : मेजर रॉबर्ट गिल

आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याची लेणी एकदा तरी पाहिली नाहीत, असा विद्यार्थी ह्या शाळेत विरळाच सापडेल. परंतु तेथील भिंतींवरच्या चित्रांची नक्कल उतरून घेण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली, त्या मेजर रॉबर्ट गिल ह्यांच्याविषयी पुष्कळांस एका प्रेमकथेपलीकडे काही ठाऊक नसते. त्यांनी प्रत्यक्षात काय केले व त्या कामाचे पुढे काय झाले, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

गिल ह्यांचा जन्म १८०४ सालचा. तरुणपणी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. व्यवसायाने शिपाई, परंतु हाताने चितारी, असा हा गृहस्थ होता. इकडे वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात कोरलेली लेणी शतकानुशतके रानाने वेढलेली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तेथे जाऊन पोहोचला व दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून मोकळा झाला. (आजही काही प्रवासी हाच कित्ता गिरवितात, त्यांना त्याच्याइतकीही सबब नाही.) पुढे १८४३ साली जेम्स फर्ग्युसन ह्या शिल्पाभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि ही चित्रे नष्ट होत आहेत, ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे शब्द टाकला, व १८४४ साली हे काम कप्तान गिल ह्यांच्याकडे आले.

त्या वेळी लेणी निजामाच्या मुलुखात होती. गिल ह्यांनी अजिंठा गावातील बारादरीत बिऱ्हाड केले. तेथून लेणी काही कोसांवर, वाट घाटाची, आणि रानात वाघांचा वावर. लेण्यांत वटवाघळे आणि मधमाश्यांची पोळी. भिंतींवर गोसावी-बैराग्यांच्या धुन्यांची काजळी. सूर्यप्रकाश दिवसाकाठी थोडाच वेळ आत शिरावयाचा, आणि तेवढ्यात दृष्टी स्थिर करून रंग पारखावयाचे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याने ज्या अंधारात कुंचला फिरविला, त्याच अंधारात हा दुसरा चितारी कापडावर तैलरंग चढवीत बसे. चित्र पुरे झाले म्हणजे ते पाठवावयाचे थेट विलायतेस. त्या भागात तेव्हा आगगाडी नव्हती आणि सुएझचा कालवा तर १८६९ साली खुला झाला, ह्यावरून त्या प्रवासाची कल्पना करावी. अशी भव्य तैलचित्रे त्यांनी पंचवीसांहून अधिक तयार केली. काम सुरू होऊन ते थांबेपर्यंत जवळजवळ वीस वर्षे लोटली होती.

ह्याच काळात पारो नावाची एक स्थानिक स्त्री त्यांच्या जीवनात आली. गिल विवाहित होते, आणि ह्या संबंधाविषयी जे शेकडो तपशील सांगितले जातात त्यांतील बहुतेक लोककथेच्या सदरात मोडतात. खात्रीची गोष्ट एवढीच, की अजिंठा गावी तिची साधीशी कबर आहे, आणि गिल ह्यांनी बसविलेल्या शिलेवर तिच्या मृत्यूची तारीख २३ मे १८५६ अशी आहे. कवी ना. धों. महानोर ह्यांनी ह्या कथेवर दीर्घकाव्य रचिले व २०१२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. काव्य आणि चित्रपट आपल्या जागी योग्यच आहेत. परंतु त्यांच्या प्रकाशात गिल ह्यांचा कॅमेरा मात्र अंधारातच राहिला, हे म्हणणे प्राप्त आहे.

कॅमेरा त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर, १८५६ च्या सुमारास, हाती धरला. त्या काळचे फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखा बोटाचा खेळ नव्हता. प्रचलित रीत अशी होती : काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरावयाचे, अंधाऱ्या तंबूत ती काच रौप्यक्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि सुकण्यापूर्वी, म्हणजे अवघ्या दहा-पंधरा मिनिटांत, चित्र उमटवून धुऊन काढावयाचे. आमच्या मराठवाड्याच्या वैशाखात काच किती लवकर सुकत असेल, हे वाचकांस सांगावयास नको.

त्यातही गिल ह्यांचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. त्याचे मर्म सोपे आहे. आपले दोन डोळे सुमारे अडीच इंच अंतरावर असल्याने प्रत्येकास तीच वस्तू किंचित निराळी दिसते. उजवा व डावा डोळा आळीपाळीने मिटून समोरच्या खांबाकडे पाहावे, म्हणजे खांब सरकल्यासारखा वाटतो. मन ही दोन दृश्ये एकत्र करते व त्यातून खोलीचा भास होतो. दोन भिंगांनी अशीच दोन चित्रे घेऊन ती स्टिरिओस्कोप नावाच्या पेटीतून पाहिली, की सपाट कागदातून खांब पुढे येतात, गाभारा मागे जातो. लेण्यांसारख्या खोल वास्तूस ह्याहून योग्य साधन कोणते? लंडनमध्ये आरामखुर्चीत बसलेल्या माणसास चैत्यगृहाच्या दारात उभे राहिल्याचा भास ह्या पेटीने होत असे.

फर्ग्युसन ह्यांच्या वर्णनांसह गिल ह्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ साली लंडनमध्ये निघाली. एकात लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तूंची व वन्य प्राण्यांची शंभर दुहेरी चित्रे. अजिंठ्याखेरीज वेरूळ आणि लोणार येथेही त्यांनी कॅमेरा नेला होता.

आता त्या तैलचित्रांची कथा. ती लंडनजवळ सिडनहॅम येथील काचमहालात लोकांस पाहण्यासाठी टांगली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या उत्तर भागास आग लागली व गिल ह्यांची जवळजवळ सर्व चित्रे जळून गेली. जी चार-पाच तेथे टांगलेली नव्हती, तेवढीच वाचली. वीस वर्षांचे काम एका दिवसात राख झाले. ज्या नाशातून अजिंठ्याची चित्रे सोडवावयाची म्हणून हा खटाटोप, त्याच नाशाने नकलांस आधी गाठले. आणि मूळ चित्रे मात्र काजळी, पाणी व वटवाघळे सोशीत आपल्या भिंतींवर उभीच होती.

गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. प्रकृती खालावलेली, आणि स्वदेशी परतावयास कोणीही हरकत घेतली नसती. ते परतले नाहीत. आगीनंतर त्यांनी अजिंठ्याचे काम पुन्हा हाती घेतले, आणि आता त्यांची मुख्य भिस्त कॅमेऱ्यावर होती. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग हाच होय, मग त्यावर कोणी काव्य लिहो वा न लिहो.

१८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांसह नकलांसाठी लेण्यांत येऊ लागले. पुढे त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनमध्ये आगीतच गेल्या. शिवाय रंग उजळून दिसावेत म्हणून त्यांच्या वेळी मूळ भित्तिचित्रांवर रोगण चढविले गेले. पुढे ते पिवळे पडून तडकले, व ते काढण्यासाठी १९२० नंतर निजाम सरकारला इटलीहून कारागीर आणावे लागले. कॅमेऱ्याने भिंतीस बोटही लागत नाही, हा त्याचा गुण तेव्हा कोणाच्या फारसा ध्यानी आला नसावा. दुसराही एक गुण होता : एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात, म्हणून एक आग त्या सर्वांस गाठू शकत नाही.

१८७९ साली आजारी अवस्थेत गिल ह्यांना भुसावळकडे नेण्यात येत असता त्यांचे निधन झाले. भुसावळच्या युरोपियन कबरस्तानात त्यांचे दफन झाले. पारोची कबर अजिंठ्यास, त्यांची खानदेशात. मधे घाट आणि लेणी.

त्यांची वाचलेली तैलचित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. छायाचित्रांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत व इतरत्र जतन केल्या असून त्यांतील पुष्कळ आता घरबसल्या पाहता येतात. पुढच्या सहलीच्या आधी विद्यार्थ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. डागडुजी होण्यापूर्वीची, तिकिटाची खिडकी व लोखंडी कठडे नसलेली, गवत माजलेली लेणी त्यांत आहेत.