पैसा शहराचा, पोलीस सरकारचे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर आलं, की समोर मुंबई महापालिकेची भव्य इमारत आणि तिच्यापुढे सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसतो. तिथून काही मिनिटं चाललं, की क्रॉफर्ड मार्केटसमोर पोलीस आयुक्तालय. दोन्ही इमारती मुंबईच्याच, पण एकीचा कारभार महापालिकेकडे आणि दुसरीचा राज्य सरकारकडे. हे असं का, याचं उत्तर शोधताना फिरोजशहांच्या आयुष्याकडे जावं लागतं.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झालं आणि रुस्तमजी जमशेटजींच्या देणगीतून ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. तेवढ्यात १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला. भलेभले धनिक बुडाले आणि ती देणगीही आटली. फिरोजशहांनी तरीही शिक्षण पुरं केलं आणि १८६८ मध्ये ते परतले. पैसा कुठून येतो आणि कसा नाहीसा होतो, याचा धडा त्यांना विशीतच मिळाला होता.

१८७१ मध्ये मुंबईचे करदाते खवळले होते. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारलं खरं, पण तिजोरी रिकामी केली. सगळे क्रॉफर्डवर तुटून पडले असताना सव्वीस वर्षांच्या या बॅरिस्टरने भर सभेत वेगळीच बाजू मांडली. दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा, पण त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले असावेत. श्रोत्यांना ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी कायदा झाला, ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८७३ पासून फिरोजशहा या सभागृहाचे झाले. चार वेळा ते अध्यक्ष होते. १८८८ चा म्युनिसिपल कायदा घडवण्यातही त्यांचा मोठा हात होता.

या सगळ्यात एक काटा सलत राहिला, तो पोलीस खर्चाचा. शहराच्या पोलिसांवरच्या खर्चाचा हिस्सा कॉर्पोरेशनने भरायचा. पण कमिशनर नेमायचा सरकारने, शिपाई किती ठेवायचे तेही ठरवायचं सरकारने. मी सारा जन्म बँकेत घालवला. ज्या खात्यावर आपली सही चालत नाही, त्याची रक्कम आपण भरत राहायची, हा व्यवहार कुठला कारकूनही मान्य करणार नाही. कॉर्पोरेशनने वर्षानुवर्षं हेच भांडण मांडलं.

फिरोजशहांनी हा प्रश्न मुंबईपुरता ठेवला नाही. १८९५ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात पोलीस कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. दंगलग्रस्त भागात जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च कोणाकडून वसूल करायचा ते मॅजिस्ट्रेटने ठरवायचं, असा त्याचा रोख होता. रीतसर न्यायचौकशीशिवाय कोणाच्या खिशात हात घालू नये, असं म्हणत त्यांनी कडाडून विरोध केला. गोरे अधिकारी सभासद दुखावले. विधेयक मंजूर झालंच, पण सरकारला त्याच्याच सभागृहात धारेवर धरता येतं, हे देशाने पाहिलं.

मग आलं १९०७ साल. त्या वर्षी कायदा होऊन पोलिसांचा सगळा खर्च सरकारने उचलला. बदल्यात कॉर्पोरेशनने प्राथमिक शिक्षण आणि वैद्यकीय मदतीचा भार घेतला. आणि त्याच वर्षी फिरोजशहांना कॉर्पोरेशनमधून घालवण्याचा घाट गोऱ्या अधिकाऱ्यांच्या एका कंपूने घातला. त्यात खुद्द पोलीस कमिशनर गेल होते. 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी सोळा जण निवडायचे होते. फिरोजशहा सतरावे आले! पुढे निवडून आलेल्या एकाची निवड कोर्टात रद्द ठरली आणि ते सभागृहात परतले. ज्या खात्याच्या खर्चाचा हिशेब शहर मागत होतं, त्याच खात्याचा प्रमुख शहराच्या निवडणुकीत उतरला होता. अंकुश का हवा, याला आणखी वेगळा पुरावा तो कोणता?

फिरोजशहांमध्ये दोष नव्हते असं नाही. त्यांचा दरारा मित्रांनाही जाचत असे. लोकमान्यांच्या जहाल पक्षाशी त्यांचं कधीच जमलं नाही. पण हिशेबाला ते पक्के होते. १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा पहिलं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते गेले.

१९०७ च्या सौद्यात शहराला काय मिळालं? गरिबांच्या मुलांची शाळा आणि आजाऱ्याची खाट. हा फायदा लहान नव्हे. आजही मुंबईतली असंख्य घरं त्यावर उभी आहेत. पण पैसे भरणं थांबलं, तसा पोलिसांच्या कारभारावर बोलण्याचा शहराचा आधारही गेला. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला आपण गटाराबद्दल जाब विचारतो, चौकीबद्दल विचारू शकत नाही. खर्चाचं ओझं उतरलं, हक्काचा प्रश्न मात्र राहूनच गेला. पुतळ्यासमोरून जाताना एवढी बाकी तरी आपण ध्यानात ठेवावी.