घटक ४ : कर्मवीर भाऊराव पाटील – वसतिगृहापासून उपजीविकेपर्यंतची वाट

४.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला
– भाऊराव पाटील यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
– 'कमवा आणि शिका' या योजनेमागील विचार स्पष्ट करता येईल;
– शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्यासाठी त्यांनी समाजातील भिन्न घटकांना कसे एकत्र आणले, याचे विवेचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ही पुस्तिका तुम्ही बहुधा दिवसाचे काम आटोपल्यावर उघडली असेल. कोणी शेतातून आले असेल, कोणी कारखान्यातील पाळी संपवून, तर कोणी घरातील सर्वांची जेवणे उरकून. कमावत असतानाच शिकणे ही तुमची रोजची स्थिती आहे. महाराष्ट्रात या स्थितीला कमीपणाच्या जागेवरून उचलून प्रतिष्ठेच्या जागी बसवण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी आहे.

शाळा काढणारे पुष्कळ झाले. भाऊरावांनी त्यापुढचे दोन प्रश्न विचारले. ज्याच्या घरी पोटाचीच भ्रांत आहे, त्या मुलाने शाळेपर्यंत यावे कसे? आणि शाळा संपल्यावर त्याने जावे कोठे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच त्यांचे चरित्र सामावले आहे. ही उत्तरे एकट्याला देता येणार नाहीत, त्यासाठी शेतकरी, संस्थानिक, कारखानदार, सरकार आणि खुद्द विद्यार्थी या सर्वांना हात लावावा लागेल, हे त्यांनी ओळखले होते.

४.३ जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात नोकरीस होते. माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

ते कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांचे होते. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडून महाराजांनी शिक्षणाची वाट बहुजनांसाठी मोकळी केली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, तेव्हा त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. औपचारिक शिक्षणात ते मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. पुढे ज्यांच्या संस्थेत हजारो पदवीधर घडले, त्या माणसाजवळ स्वतःची पदवी नव्हती, ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी.

महात्मा फुले यांचा सत्यशोधक विचार आणि शाहू महाराजांचे कार्य हे त्यांच्या घडणीचे दोन आधार होत. तिसरा आधार अनुभवाचा. इस्लामपूर येथील शाळेत एक अस्पृश्य मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना त्यांना दिसला. त्याला त्यांनी सोबत घेतले आणि कोल्हापूरच्या वसतिगृहात दाखल केले. ज्ञानदेव घोलप हा तो मुलगा पुढे मुंबईच्या विधिमंडळाचा सदस्य झाला. उंबरठ्याबाहेरच्या मुलाला राहण्याची आणि जेवणाची सोय मिळाली, तर तो कोठवर जाऊ शकतो, याचा पुरावा भाऊरावांनी असा प्रत्यक्ष पाहिला होता.

४.४ नांगर विकणारा गृहस्थ

भाऊरावांनी साताऱ्यात काही काळ शिकवण्या केल्या. कोल्हापुरातील पुतळ्यांना डांबर फासल्याच्या प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे त्यांनी नाकारले आणि १९१४ मध्ये त्यांना तुरुंगवास सोसावा लागला. त्यानंतर ते उद्योगांच्या क्षेत्रात वावरले. ओगले काच कारखाना व किर्लोस्कर या उद्योगांसाठी त्यांनी फिरते प्रतिनिधी म्हणून काम केले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर सातारा भागात नांगरांचा कारखाना उभारण्यातही त्यांचा वाटा होता.

या भ्रमंतीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे खेड्यातील माणसाची ओळख. दुसरी म्हणजे कारखाना, बाजार आणि श्रम यांची जाण. कूपर यांच्याशी मात्र शिक्षणकार्याला मिळावयाच्या मदतीवरून मतभेद झाले आणि भाऊराव त्या उद्योगातून बाहेर पडले. उद्योजकाच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षणाची इमारत उभी राहत नाही, हा धडा त्यांनी येथे घेतला असे म्हणता येईल.

४.५ रयत शिक्षण संस्था व शाहू बोर्डिंग

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या नावातील रयत हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यांच्यासाठी शिक्षण, त्यांचीच संस्था, हा त्याचा आशय. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहतात, एकत्र स्वयंपाक करतात आणि एका पंगतीत जेवतात, हे त्या काळात सहजासहजी न दिसणारे दृश्य तेथे होते. गांधीजींनी पुढे या कार्यास आर्थिक साहाय्यही मिळवून दिले.

वसतिगृह चालायचे कसे? गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढून ते वसतिगृहासाठी गोळा करण्याची मुष्टिफंडाची पद्धत होती. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्यालाही दाता होता यावे, अशी ही योजना होय. तरीही तुटवड्याचे दिवस येत. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या पोटासाठी दिले. सनातन संस्कारांत वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांचे आईपण स्वीकारले होते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे नाव ठळक अक्षरांत येते, परंतु पायाच्या दगडांत लक्ष्मीबाईंचा दगड आहे, हे विसरून चालणार नाही.

४.६ 'कमवा आणि शिका'

दानावर जगणारा विद्यार्थी मिंधा होतो, असे भाऊरावांचे मत होते. म्हणून विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात शिकावे, ही योजना त्यांनी आखली. मुले शेतात राबत, पाणी भरत, स्वयंपाक करीत, दगड फोडीत, बांधकामावर जात. १९४० मध्ये साताऱ्यास सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज यांतून ही योजना माध्यमिक आणि महाविद्यालयीन स्तरांवर पोहोचली.

येथे एक सूक्ष्म भेद समजून घ्या. गरीब मुलाकडून काम करून घेणे ही नवी गोष्ट नव्हती. गरिबाचे मूल तर काम करीतच होते. नवे हे होते की त्या श्रमाचे फळ त्याच्याच शिक्षणाकडे वळवले गेले. शिवाय काम सर्वांनी करावयाचे असल्याने कोणाचा श्रम हलका आणि कोणाचा भारी, ही जातीवरून ठरलेली वाटणी वसतिगृहाच्या आवारात मोडली. श्रमाची प्रतिष्ठा आणि समता या दोन कल्पना येथे एकाच कृतीतून शिकवल्या गेल्या.

४.७ शिक्षणाकडून उपजीविकेकडे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. शिकलेल्या मुलाने जावे कोठे? १९३५ मध्ये साताऱ्यात संस्थेने सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे प्राथमिक शिक्षकांचे अध्यापक विद्यालय सुरू केले. १९३७ नंतर मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आले आणि शाळा नसलेल्या खेड्यांत स्वयंसेवी शाळा उघडण्यास उत्तेजन मिळाले. भाऊरावांनी ही संधी साधली. गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, सरकारने अनुदान द्यावे, अशी ही भागीदारी होती. डोंगरकपारीतील लहान गावांतून अशा पाचशेहून अधिक शाळा उभ्या राहिल्या.

या रचनेचा क्रम लक्षपूर्वक पाहा. खेड्यातील मुलगा वसतिगृहात येतो, श्रम करून शिकतो, अध्यापक विद्यालयात प्रशिक्षण घेतो आणि शिक्षक म्हणून पुन्हा खेड्यात जातो. त्याला उपजीविका मिळते, गावाला शाळा मिळते आणि त्या शाळेतून पुढचा मुलगा वसतिगृहाकडे निघतो. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले आहे. पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोड होतात, ते या क्रमाला शोभणारे आहे. याच वसतिगृहात वाढलेले पां. ग. पाटील बॅरिस्टर झाले, संस्थेतच अध्यापनासाठी परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या वाटेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ती मुख्यतः शिक्षकाच्या पेशाकडे जाणारी होती. मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयासारख्या सोयी झाल्या, परंतु त्या मुलांच्या सोयींनंतर झाल्या. असे असले तरी ज्या काळात खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलापुढे पगारी नोकरीची दुसरी वाट जवळजवळ नव्हती, त्या काळात ही एक वाट हजारोंना पुरली.

४.८ भागीदारीची किंमत

अनेकांच्या मदतीवर चालणाऱ्या कार्यात स्वातंत्र्य कसे राखायचे, हा प्रश्न आजही संस्थांना भेडसावतो. भाऊरावांसमोर तो १९४८ मध्ये उभा ठाकला. त्यांच्या परखड भाषणामुळे मुंबई सरकार नाराज झाले आणि संस्थेचे अनुदान थांबले. शिक्षकांचे पगार अडले, वसतिगृहे अडचणीत आली. भाऊरावांनी शाळा बंद केल्या नाहीत. ते लोकांकडे गेले. लोकवर्गणीतून संस्था तगली आणि गाडगे महाराजांसह अनेकांच्या मध्यस्थीनंतर अनुदान पुन्हा सुरू झाले. एक खांब हलला तेव्हा दुसऱ्या खांबांनी छप्पर तोलून धरले. मुष्टिफंडाच्या दिवसांपासून रयतेशी जोडलेले नाते या वेळी उपयोगी पडले. त्याच सुमारास गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प केला होता. १९५४ मध्ये कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

४.९ समारोप

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण हा सन्मान लाभला आणि पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभराहून अधिक माध्यमिक शाळा व ३ महाविद्यालये उभी राहिली होती.

मित्रहो, भाऊरावांच्या चरित्रातून एक गोष्ट निश्चित घ्यावी. संधीची समानता केवळ शाळेचे दार उघडून साधत नाही. दाराच्या अलीकडे भाकरीची आणि पलीकडे कामाची सोय करावी लागते, आणि ती करताना शिकणाऱ्याचा स्वाभिमान सांभाळावा लागतो. तुमच्या हातातील काम आणि तुमच्या हातातील हे पुस्तक यांत विरोध नाही, हे त्यांनी फार पूर्वी आपल्या कृतीने दाखवून दिले आहे.

४.१० स्वाध्याय

१. 'कमवा आणि शिका' या योजनेत श्रमप्रतिष्ठा व समता यांचा संबंध कसा साधला गेला, ते स्पष्ट करा.
२. स्वयंसेवी शाळांच्या कार्यात गाव, संस्था व सरकार यांनी कोणता वाटा उचलावयाचा होता?
३. अनुदान थांबल्याच्या प्रसंगातून संस्थेच्या लोकाधाराविषयी काय दिसून येते?
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या तरुणाची शाळेपासून नोकरी-व्यवसायापर्यंतची वाटचाल जाणून घ्या. त्याला कोणाकोणाचे साहाय्य मिळाले आणि कोठे अडथळे आले, हे वीस ओळींत लिहा.