दोनावूरच्या अम्मा

गावात एखादे लेकरू आईबापांवाचून उघडे पडले म्हणजे मंडळीत पहिला प्रश्न निघतो तो हाच, की याचे आता कोणी करावयाचे? दया पुष्कळांच्या मनात असते. परंतु घरची ओढाताण, शेजाऱ्यापाजाऱ्यांची बोलणी, आणि आपण एकटे कोठवर पुरे पडणार ही धास्ती, यांमुळे पुढे केलेला हात मागे घेतला जातो. अशा संकोचात पडलेल्या बंधुभगिनींकरिता आज आम्ही एमी कारमायकेल ह्या बाईंचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. ह्या बाई अविवाहित होत्या, त्यांस पोटचे मूल नव्हते. तरी तामिळ देशातील शेकडो मुले त्यांस अम्मा म्हणत असत.

एमीबाईंचा जन्म ता. १६ डिसेंबर १८६७ रोजी आयर्लंड देशातील मिलआइल नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. सात भावंडांत त्या सर्वांत वडील. घराण्याची पिठाची गिरणी होती व घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु पुढे पैसा बुडाला, आणि १८८५ साली वडील वारले. तेव्हापासून धाकट्या भावंडांचा भार आईबरोबर एमीबाईंच्याही शिरावर पडला. बेलफास्ट शहरात कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब मुली डोक्यावर टोपी घालण्याची ऐपत नसल्यामुळे शाल पांघरून फिरत, व प्रतिष्ठित लोक त्यांस उपासनामंदिरात पाहून नाके मुरडीत. एमीबाईंनी त्यांस जवळ केले, आणि १८८९ साली त्यांच्याकरिता एक सभागृहही उभे राहिले.

यानंतर जे घडले त्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. केस्विक येथील प्रसिद्ध धर्मसभेचे एक संस्थापक रॉबर्ट विल्सन हे वृद्ध गृहस्थ होते. त्यांची पत्नी व एकुलती एक कन्या मरण पावल्या होत्या. १८९० साली त्यांनी एमीबाईंस आपल्या घरी कन्येप्रमाणे ठेवून घेतले, आणि बाईही पुढे पुष्कळ वर्षे आपल्या नावात विल्सन हे नाव लावीत असत. ज्या बाई पुढे परक्या लेकरांच्या आई झाल्या, त्या स्वतः आधी परक्या घरी लेक म्हणून राहिल्या होत्या. रक्ताचे नाते नसता बापाची माया कशी लाभते, हे त्यांनी प्रथम अनुभवाने जाणले आणि मग ते दुसऱ्यांस दिले.

१८९३ साली त्या जपानात सेवेस गेल्या; परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांस परतावे लागले. पुढे १८९५ च्या नोव्हेंबरात त्या बंगळूर येथे आल्या, आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे ५५ वर्षे, त्या स्वदेशी एकदाही गेल्या नाहीत. दक्षिणेकडे तिरुनेलवेली जिल्ह्यात टॉमस वॉकर ह्या मिशनरी साहेबांपाशी त्यांनी तामिळ भाषेचा अभ्यास केला. काही तामिळ ख्रिस्ती स्त्रिया बरोबर घेऊन त्या बैलगाडीने खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरत. ह्या स्त्रियांत पोन्नम्माळ नावाची एक तरुण विधवा होती. तिची गोष्ट पुढे येईल.

त्या काळी त्या प्रांतात लहान मुली देवळास वाहण्याची चाल होती. आपल्या महाराष्ट्रातही देवदासी व मुरळी यांची दुःखे आपणांस ठाऊक आहेत. सन १९०१ च्या मार्च महिन्यात सात वर्षांची एक मुलगी देवळाच्या घरातून निसटली. ती पूर्वीही एकदा पळून वीस मैलांवर तुतिकोरिन येथे आपल्या विधवा आईकडे गेली होती. परंतु देवाच्या कोपाच्या भयाने आईनेच तीस परत दिले, आणि शिक्षा म्हणून तिच्या हातांस डाग दिले गेले. ह्या खेपेस एका ख्रिस्ती बाईस ती वाटेत सापडली. त्या बाईने तीस रात्रभर आपल्या घरी ठेवले व सकाळी एमीबाईंकडे नेऊन पोहोचविले. मुलगी सरळ एमीबाईंच्या मांडीवर जाऊन बसली, आणि एक चिंधीची बाहुली हाती घेऊन तिने तेथे काय काय चालते ते करून दाखविले. देवळाची माणसे तीस मागावयास आली. परंतु ती जाईना, आणि बाईंनीही तीस सोडले नाही.

त्या दिवसापासून बाईंच्या आयुष्याची वाट वळली. दोनावूर ह्या लहानशा गावी त्यांचे बिऱ्हाड झाले. १९०४ च्या मार्चमध्ये एका हिंदी पाळकाने अवघ्या काही दिवसांचे मूल सोडवून त्यांच्याकडे आणिले, आणि त्याच वर्षी जूनपर्यंत त्या घरी १७ मुले झाली. आता गावोगाव फिरणे बंद पडले. न्हाऊमाखू घालणे, दूध पाजणे, रात्री जागणे, नखे कापणे हाच दिनक्रम झाला. उपदेश करावयास आलेल्या मिशनरी बाईने दाईचे काम करीत बसावे काय, असा प्रश्न लोकांस पडला, व त्यांच्या स्वतःच्या मनासही तो टोचला. परंतु प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे आठवून त्यांचे समाधान झाले. ज्या हातांस देवाने लेकरू दिले, त्यांस ते काम हलके नाही, असा त्यांनी निश्चय केला.

परंतु निश्चयाने तान्ह्या मुलाचे पोट भरत नाही. पहिल्या काळात काही मुले आजाराने दगावली, आणि दोनावुरास डॉक्टर नव्हता. अज्ञात कुळातील मूल कडेवर घ्यावयास पुष्कळ ख्रिस्ती स्त्रियासुद्धा कचरत. जातीचा अभिमान बाप्तिस्म्याच्या पाण्याने लगेच धुऊन जातो असे नाही, हे आपणही जाणतो. अशा वेळी पोन्नम्माळ पुढे झाली. जीस सासरी विधवा म्हणून तुच्छ लेखिले होते, तिनेच आजारी बाळांस घेऊन नेय्यूर येथे लंडन मिशनच्या इस्पितळाजवळ बिऱ्हाड केले, आणि दूध कसे बेताने पाजावे, स्वच्छता कशी राखावी हे शिकून पुष्कळ जीव वाचविले. एमीबाईंची वृद्ध आईही आयर्लंडहून आली, व वर्षाहून अधिक काळ त्या मुलांची आजी होऊन राहिली.

वाचकहो, पैशांकरिता कोणापुढे हात पसरावयाचा नाही, केवळ देवाजवळ मागावयाचे, असा बाईंचा नेम होता. परंतु कामास हात मागण्याची त्यांनी कधी लाज धरिली नाही. पाळकाने मूल आणिले, वाटेवरच्या बाईने एक रात्र आसरा दिला, विधवेने बाळे जगविली, इस्पितळाने औषध दिले. ह्या सर्वांवाचून एकट्या एमीबाईंच्याने ते घर चालले नसते. म्हणून १९१५ साली पोन्नम्माळ कर्करोगाने वारली, तेव्हा ते घर आईवेगळे झाल्यासारखे झाले. तरी तिने शिकविलेल्या हातांनी काम पुढे चालविले, आणि १९१८ पासून मुलगेही घेतले जाऊ लागले. ज्या मुलांची जन्मतिथी कोणास ठाऊक नसे, त्यांच्याकरिता ते घरात आले तो दिवस वाढदिवसाप्रमाणे साजरा होत असे. पुष्कळ मुलांच्या आयुष्यातील पहिला आनंदाचा दिवस तोच होता!

ह्या कामात धोकाही होता. मुले पळविल्याचा आरोप बाईंवर वारंवार येई. एका मुलीच्या प्रकरणात तर कैदेची शिक्षा होण्याचा प्रसंग ओढवला होता. १९१४ च्या आरंभी ते प्रकरण मिटले. त्या काळी अशा मुलांच्या रक्षणास कायदा फार तोकडा होता. मुली देवळास वाहण्याची चाल बंद करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली व मद्रासेत १९४७ साली झाला.

आज मात्र तसे नाही, हे आम्ही आमच्या उपदेशक बंधूंस मुद्दाम सांगतो. बाईंचे प्रेम घ्यावे. मूल लपवून ठेवणे घेऊ नये. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत त्याची खबर द्यावी लागते, व त्याचे पुढे काय करावयाचे हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरविते. १०९८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मदत मिळते. परक्या मुलास काही काळ आपल्या घरी वाढविण्याची सोय त्याच कायद्यात आहे, आणि आपल्या राज्यात त्याकरिता बालसंगोपन योजनाही आहे. जो उघडपणे, कायद्याच्या वाटेने मूल घेतो, त्यास कोणाचे भय बाळगावे लागत नाही.

१९३१ साली एमीबाई अंधारात एका खड्ड्यात पडल्या, आणि पुढील जवळजवळ वीस वर्षे त्यांस खोलीतच काढावी लागली. ज्यांनी शेकडो लेकरांचे केले, त्यांचे आता लेकरांनी केले. ता. १८ जानेवारी १९५१ रोजी त्या प्रभूत निजल्या. आपल्या कबरेवर दगड बसवू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून तेथे पक्ष्यांस पाणी पिण्याकरिता एक पात्र ठेवून त्यावर अम्मा एवढेच नाव घातले आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, सर्वांस एमीबाई होण्याचे पाचारण नाही. परंतु तुमच्या मंडळीत एखादे घर परक्या लेकराचे करीत असेल, तर त्या घरी शेरभर दूध पोहोचविणे, आजारपणात एक रात्र जागणे, मुलास शाळेत नेऊन सोडणे, आणि त्याच्या जातीकुळाची चौकशी न करणे, एवढे कोणासही करता येईल. दोनावुरास अम्मा एकच होती. परंतु ते घर पुष्कळांच्या हातांनी उभे राहिले. त्या हातांपैकी एक हात आपला आहे काय, हे प्रत्येकाने देवासमोर आपल्या मनास विचारावे.