मटारच्या मुळांतील भागीदाराचा शोध घेणारे बायरिंक

पाटन (जबलपूर), १ जानेवारी : जबलपूर जिल्ह्यातील पाटन परिसर हिरव्या मटारसाठी ओळखला जातो. येथील मटारचे रोप अलगद उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. कार्यक्षम गाठ चिरली की आतून गुलाबी निघते. अशा गाठींमधील जिवाणू प्रथम वेगळे करून दाखविणारे डच शास्त्रज्ञ मार्टिनस विलेम बायरिंक यांचा आज स्मृतिदिन.

बायरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्याने बालपण ओढगस्तीत गेले. डेल्फ्ट येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर १८७७ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता वनस्पतींवर येणाऱ्या गाठी. काही वर्षे वाखेनिंगन येथे अध्यापन करून १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

कडधान्याचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. शेंगवर्गीय पिके गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र वापरतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये मांडले. १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठींतील जिवाणूंचे शुद्ध संवर्धन केले. पुढे तेच जिवाणू बाकल्याच्या रोपांना देऊन त्यांनी कृत्रिमरीत्या गाठी निर्माण केल्या.

मात्र प्रयोगशाळेत एकटा वाढविलेला हा जिवाणू नत्र स्थिर करतो, याचा ठोस पुरावा त्यांच्या हाती लागला नाही. कारण नत्रस्थिरीकरण करणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे गुलाबी प्रथिन प्राणवायूची मात्रा नियंत्रित ठेवते आणि वनस्पती जिवाणूला अन्न पुरविते. वेगळा काढताच जिवाणू या आश्रयाला मुकत होता.

या भागीदारीची भाषा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडली. मुळांतून फ्लॅव्होनॉइड गटातील रसायने पाझरतात. ती ओळखून जिवाणूची विशिष्ट जनुके जागृत होतात व नॉड घटक नावाचा रासायनिक संदेश तयार होतो. तो मिळताच मूलरोम वळतो, जिवाणूला आत वाट मिळते आणि गाठ आकार घेते. पिकांच्या गटांनुसार संदेश वेगळा असल्याने मटारला चालणारा जिवाणू सोयाबीनला चालत नाही.

१८९५ मध्ये डेल्फ्ट येथे प्राध्यापक झालेल्या बायरिंक यांनी १८९८ मध्ये तंबाखूच्या केवडा रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गेलेला रसही रोग पसरवितो आणि त्यातील घटक केवळ जिवंत पेशींतच वाढतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी विषाणूविज्ञानाचा पाया घातला. १९०१ मध्ये जमिनीत मुक्तपणे नत्र स्थिर करणाऱ्या ॲझोटोबॅक्टरचे वर्णनही त्यांनी केले.

ते आजन्म अविवाहित राहिले. विद्यार्थ्यांशी त्यांचे वागणे कठोर असे. १९२१ मध्ये सत्तरीत निवृत्त होऊन ते बहिणींसह खोर्सेल या गावी राहिले व तेथेच १ जानेवारी १९३१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम चोळण्याची शिफारस म्हणजे त्यांच्याच संवर्धनाचा शेतापर्यंत आलेला वारसा होय. जमिनीत युरियाची मात्रा वाढली, की रोप गाठी धरण्यात हात आखडता घेते. त्यामुळे खतावरचा खर्च वाढतोच, शिवाय फुकट मिळणारे नत्रही हातचे जाते. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जबलपूरमध्येच असल्याने पाटनच्या शेतकऱ्यांना हा सल्ला घेण्यासाठी लांब जावे लागत नाही. मटारच्या मुळांवर गुलाबी गाठी आहेत की नाहीत, हे मात्र प्रत्येकाने आपल्या शेतातच पाहायचे आहे.