काळ्या उंदरांचे जनक

यकृतातील दीर्घकालीन दाहाचे पर्यवसान कर्करोगात कसे होते, याचा शोध घेण्यासाठी संशोधक जनुकीय बदल केलेले उंदीर वापरतात. ‘एमडीआर२’ हे एकच जनुक निकामी केले की उंदराच्या पित्तात फॉस्फोलिपिडे उतरत नाहीत. पित्ताम्लांमुळे पित्तनलिकांना इजा होते, यकृताची सूज कायमची जडते आणि कालांतराने त्यात गाठी उद्भवतात. मात्र हा दोष त्या एका जनुकाचाच, असे ठामपणे म्हणायचे तर उरलेली सारी जनुके तंतोतंत सारखी हवीत. असे एकसारखे उंदीर घडविण्याचा ध्यास घेतला तो क्लॅरेन्स कुक लिटल यांनी.

६ ऑक्टोबर १८८८ रोजी अमेरिकेतील ब्रुकलाइन येथे त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम कॅसल यांच्याकडे शिकत असताना, १९०९ मध्ये त्यांनी उंदरांच्या भावाबहिणींचा पिढ्यान् पिढ्या संकर करण्यास प्रारंभ केला. अशाने वंशच खुंटेल, अशी भीती जाणकारांना वाटत होती. वंश खुंटला नाही. ‘डीबीए’ हा पहिला शुद्ध वाण त्यातून सिद्ध झाला. १९२१ मध्ये ५७ क्रमांकाच्या मादीपासून त्यांनी काळ्या उंदरांचा वाण तयार केला. ही मादी ॲबी लॅथ्रॉप यांनी पाळलेल्या उंदरांच्या वंशातली होती. पण या बाईंचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

मेन आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे अध्यक्षपद भूषवून लिटल यांनी १९२९ मध्ये बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. डेट्रॉइटच्या मोटार उद्योजकांनी त्यासाठी पैसा पुरविला होता. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि पुढे उंदीर विकून संस्था तगवावी लागली. ही विक्रीच अखेर कामी आली. १९४७ च्या वणव्यात प्रयोगशाळेतील बहुतेक सारे उंदीर मेले, तेव्हा पूर्वी पाठविलेल्या उंदरांचे वंशज इतर प्रयोगशाळांनी परत धाडले.

लिटल यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मात्र अस्वस्थ करणारा आहे. सुप्रजननवादाचा पुरस्कार त्यांनी पूर्वीच केला होता. कर्करोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय संस्थेची धुरा १६ वर्षे वाहिलेला हा माणूस १९५४ मध्ये सिगारेट कंपन्यांनी उभारलेल्या संशोधन समितीचा वैज्ञानिक संचालक झाला. धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही, आनुवंशिकतेचा विचार व्हावयास हवा, असा धोशा त्यांनी लावला. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय अहवालाने धूम्रपानाला स्पष्टपणे दोषी ठरविले, तरी ते बधले नाहीत. एक घटक बदलून बाकी सारे स्थिर ठेवण्याची शिस्त ज्यांनी जीवशास्त्राला लावली, त्यांनीच धुराला संशयाचा फायदा द्यावा, हे आकलनापलीकडचे आहे.

२२ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. उंदरात परका डीएनए घालण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९७४ मध्ये रुडॉल्फ येनिश आणि बिअॅट्रिस मिंट्झ यांनी प्रसिद्ध केला. २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच उलगडला, तो लिटल यांच्याच काळ्या वाणाचा होता.