वेल्लोरच्या तुरुंगातून ताळेबंदाकडे

एम.कॉम.च्या वर्गात कॉर्पोरेट अकाउंटिंगचा तास घ्यायला उभी राहिले की समोर निम्म्याहून अधिक मुलीच दिसतात. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. कुणी दोन एस.टी. बदलून येते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं आणि तरी तिने हट्टाने फॉर्म भरलेला असतो. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक नाव लिहिते. ते अभ्यासक्रमात नाही, आणि परीक्षेलाही येणार नाही, हे आधीच सांगून टाकते. आर. शिवभोगम. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री चार्टर्ड अकाउंटंट. डॉक्टरकीत जे आनंदीबाई जोशींचं स्थान, तेच हिशेबाच्या जगात यांचं. सी.ए. मंडळींमध्ये हे नाव मोठं आहे, पण आपल्या घराघरात काही ते पोचलेलं नाही.

२३ जुलै १९०७ हा त्यांचा जन्मदिवस. मद्रासच्या लेडी विलिंग्डन शाळेत त्या शिकल्या, मग समुद्रकिनाऱ्यावरच्या क्वीन मेरीज कॉलेजात गेल्या. मद्रासमधलं मुलींचं हे पहिलं कॉलेज, १९१४ साली निघालेलं. या काळात त्यांच्यावर छाप पडली ती सिस्टर सुब्बलक्ष्मींची. या बाई स्वतः बालविधवा. शिकून पदवीधर झाल्या आणि पुढे विधवा मुलींना घरात ठेवून घेऊन त्यांना शिकवू लागल्या. आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याला जे केलं, तेच काम मद्रासमध्ये एका बाईने उभं केलं होतं. बाईच्या हाताला विद्या हवी आणि त्या विद्येला पैसा मिळायला हवा, हे शिवभोगमनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिलं.

मग गांधीजींची सविनय कायदेभंगाची हाक आली. कॉलेज संपवलेली ही मुलगी स्वदेशीच्या प्रचारात आणि चळवळीत उतरली, पकडली गेली, आणि एक वर्षासाठी वेल्लोरच्या तुरुंगात गेली. गंमत बघा, अकाउंटन्सी शिकायची हे त्यांचं तिथेच ठरलं! तुरुंगात गीता वाचणारे, सूत कातणारे आपण ऐकलेत. ताळेबंदाची ओढ घेऊन बाहेर पडलेल्या या एकट्याच असाव्यात असं मला वाटतं.

आता या विद्येबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्याशिवाय पुढची लढाई कळणार नाही. दुकानाची रोजकीर्द-खतावणी वेगळी. तिथे मालक गल्ल्यावर बसलेला असतो, पैसा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. कंपनीचं तसं नाही. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. तिचे भागधारक हजारो, गावोगाव पसरलेले. एखाद्या शिक्षकाने, एखाद्या विधवेने शिल्लक टाकून शेअर घेतलेले. गिरणी कुठल्या गावात आहे हेही त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यांच्या हाती वर्षातून एकदा येतो तो ताळेबंद आणि नफा-तोट्याचं पत्रक. घसारा कमी दाखवून नफा फुगवलाय का, गंगाजळीतून डिव्हिडंड वाटलाय का, बुडीत उधारी येणं म्हणून तशीच ठेवलीय का, हे त्यांना कसं कळणार? म्हणून ऑडिटर. तो पगारी नोकर नसतो. भागधारकांच्या वतीने तो वह्या तपासतो आणि खाली सही करतो. त्या सहीवर लोक पैसे ठेवतात. १९१३च्या कंपनी कायद्याने ठरवलं की सरकारी प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच ही सही करायची. आणि असे जाणकार घडवायला मुंबई सरकारने १९१८ साली एक पदविका सुरू केली, गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जी.डी.ए.

शिवभोगमनी नेमकी हीच पदविका धरली. १९३३ साली त्या पास झाल्या, आणि ही पात्रता मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. नुसतं पुस्तक वाचून भागत नसे, अनुभवी अकाउंटंटच्या हाताखाली उमेदवारीही करावी लागे. मद्रासमधले नावाजलेले ऑडिटर सी. एस. शास्त्री यांनी त्यांना आपल्याकडे घेतलं. शास्त्रींना यासाठी मी मनातून नमस्कार करते. पार इंग्लंडात मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या बाईंनी १८८७ पासून स्वतःचं हिशेबाचं ऑफिस चालवलं, पण तिथल्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने त्यांना बाई म्हणून दार बंद ठेवलं. १९१९ साली कायदा बदलला तेव्हा कुठे, म्हणजे १९२० साली, त्यांना सभासदत्व मिळालं. वय किती? पंचाहत्तर! मध्यम वयात मागितलेलं म्हातारपणी हातात पडलं.

शिवभोगमना मात्र वेगळाच दगड आडवा आला. १९३२पासून सरकारने अकाउंटंटांची नोंदवही ठेवली होती. तिच्यात नाव असेल तरच प्रॅक्टिस. आणि नियम असा की तुरुंगवास भोगलेल्या माणसाचं नाव त्यात घालता येणार नाही. नियमामागचा विचार तसा समजण्यासारखा आहे. अफरातफर करून आत गेलेल्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवील? पण इथे उमेदवार कोण, तर परक्या सरकारचा कायदा उघड उघड मोडून हसत तुरुंगात गेलेली बाई. पैशाला हात लावून आत गेलेला चोर आणि ती, दोघं सरकारच्या लेखी एकाच ओळीत!

इथे कुणी म्हणालं असतं, जाऊ दे, शाळेत शिकवते. किंवा दिलगिरीचा अर्ज. शिवभोगम कोर्टात गेल्या. याच विद्येच्या जोरावर आपण सहीचा हक्क मिळवलाय, तो द्या, ही त्यांची मागणी. आणि त्या जिंकल्या. परीक्षा आणि दारावरची पाटी यांच्यात चार वर्षं गेली होती. उमेदवारी होतीच, वर हा खटला. १९३७ साली त्यांनी मद्रासमध्ये स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली.

त्या वेळी कंपनीच्या ऑफिसात बाई शिरली तर ती कुणाची तरी बायको असायची किंवा फार तर टायपिस्ट. ही मात्र खादीच्या साडीत येऊन कॅशबुक मागायची, व्हाउचर मागायची, शिलकी मालाची यादी मागायची. तिथल्या हेडक्लार्कचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं. खादी मात्र त्यांनी प्रॅक्टिस जमल्यावरही सोडली नाही. राहणी साधी ती साधीच राहिली, आणि आपल्या हाताखाली मुलींना उमेदवारीला घ्यायचं हेही त्यांनी चालू ठेवलं. यातलं दुसरं मला अधिक मोलाचं वाटतं. आजही आमच्या गावची मुलगी सी.ए. व्हायची म्हणाली की अडतं ते आर्टिकलशिपपाशी. ऑडिटला परगावी जावं लागेल, रात्री उशीर होईल, म्हणून घरचे मागे सरकतात. शिवभोगमच्या ऑफिसात जी मुलगी यायची तिच्या आईबापांना निदान हे उत्तर होतं की साहेबही बाईच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली कायदा होऊन इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि जी.डी.ए., रजिस्टर्ड अकाउंटंट वगैरे जुनी नावं मागे पडून सी.ए. हे नाव आलं. शिवभोगम तिच्या सभासद झाल्याच. पुढे १९५५ ते १९५८ अशी तीन वर्षं त्यांनी संस्थेच्या दक्षिण भारत विभागाचं अध्यक्षपद सांभाळलं. ज्या नोंदवहीत नाव घालायला सरकार तयार नव्हतं, त्याच व्यवसायातली दक्षिणेची सगळी पुरुषमंडळी आता बैठकीत त्यांच्या परवानगीने बोलत होती.

१४ जून १९६६ला त्या गेल्या. वय जेमतेम ५८. सी.ए.च्या अंतिम परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी त्यांच्या नावाचं पारितोषिक आहे. ते त्यांनी स्वतःच, हयात असताना ठेवलं होतं.